समुद्रासाठी तीन कोटेशनं

आमच्या घरात तीन कोटेशनं आल्याशिवाय काहीही खरेदी होत नसे. विमा कंपनीच्या क्लेम विभागात तेहतीस वर्षं काढल्यावर माणसाचं असं होतं. कूलर घ्यायचा असो की मुलीच्या वाढदिवसाचा केक, मी तीन ठिकाणी भाव विचारायचो, रेघी कागदावर तक्ता मांडायचो आणि मग सगळ्यांत कमी भाव सांगणाऱ्याच्या मालात खोट काय आहे ते शोधत बसायचो. बायको याची मनसोक्त टिंगल करायची. जयपुरातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत नव्यानं बदली होऊन आलेलं एखादं जोडपं भेटलं, की ती हमखास सांगायची, मी यांचं तिसरं कोटेशन. तिच्याआधी मी दोन मुली पाहिल्या होत्या हे खरंच आहे. पण त्यापुढचं वाक्य ती जरा ताठ बसून सांगायची. यांनी आयुष्यात एकच क्लेम जागेवर पास केला, पोह्यांची बशी खाली ठेवायच्या आत.

ती देवगडच्या बाजूची. माहेरचं अंगण संपलं की वाळू सुरू व्हायची. लग्नानंतर माझ्या बदल्या झाल्या त्या नागपूर, रायपूर, जबलपूर आणि शेवटी जयपूर. मुद्दाम नकाशा समोर घेऊन समुद्रापासून लांबची गावं निवडली असती, तरी इतकं अचूक जमलं नसतं. मुलगी जयपुरातच शिकली, मी निवृत्तही इथेच झालो, आणि दुर्गापुऱ्यात स्टेशनापासून जवळ एक दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन आम्ही राहिलो. देवगडला जाणं व्हायचं ते तीन-चार वर्षांतून एकदा, तेही आठ दिवस. निवृत्तीनंतर दर हिवाळ्यात जाऊ असं मी म्हणत असे.

निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी तिला कॅन्सर निघाला. पावसाळ्यात उपचार सुरू झाले, आणि दिवाळीच्या सुमारास मधे महिनाभराची उसंत मिळाली. डॉक्टर म्हणाले, कुठे जाऊन यायचं असेल तर आत्ता या. ती लगेच म्हणाली, देवगडला जाऊ. मी म्हटलं, दोन दिवसांचा प्रवास, गर्दी, त्यात काही संसर्ग झाला म्हणजे? उपचार पुरे होऊ देत, मग निवांत महिनाभर राहू. कागदावर माझं म्हणणं बिनचूक होतं. ती हो म्हणाली. हे आधी सांगून टाकतो, कारण हे सांगितलं नाही तर पुढचं सगळं म्हातारपणी सुचलेलं खूळ वाटेल.

घरात मुलीचा जुना कॉम्प्युटर होता. ती नोकरीला बंगळुरूला गेली तेव्हा तो तिच्या खोलीत तसाच राहिला होता. आईला बाहेर जायची बंदी, माणसांत बसायची बंदी, पुस्तक वाचलं की डोकं दुखायचं. म्हणून मुलीनं तिथूनच फोनवर सूचना देत त्यावर एक खेळ घालून दिला. मारामारीचा नव्हता. एक बेट आहे, तिथे आपण एकटं माणूस. झाडं लावायची, लाकूड जमवून घर बांधायचं, मासे पकडायचे, नुसतं हिंडायचं. मला वाटलं दोन दिवसांत कंटाळेल. आठवड्याभरात तिनं भोपळ्याचा मळा लावला आणि मला चहा स्वतःच करून घ्या म्हणून सांगितलं.

अडचण एकच होती. समुद्राकडे तोंड केलं की चित्र अडकायचं. एक पाऊल पडे, मग सगळं थिजे, मग एकदम पाच पावलं पुढे गेलेली असत. डोंगराकडे बघितलं तर ठीक, झाडांकडे बघितलं तर ठीक. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "बाबा, मतलब, ग्राफिक्स कार्ड जुनं आहे ना त्याचं. पाण्याचं लोड त्याला नाही झेपत." तिनं कुठेकुठे काय काय कमी करून दिलं. त्यानं पाणी करड्या पत्र्यासारखं दिसायला लागलं आणि तरीही अडकायचं ते अडकतच राहिलं. मग बायकोनं मासे पकडायचे सोडून दिले. किनाऱ्यावरून जायचं झालं तर समुद्र पाठीशी ठेवून जायची. घर तर तिनं असं बांधलं की दार डोंगराकडे आणि दोन्ही खिडक्याही डोंगराकडे.

संक्रांतीच्या दिवशी सगळं जयपूर गच्चीवर असतं. आमच्या डोक्यावरही सकाळपासून धावपळ आणि आरडाओरडा चालला होता, आणि आम्ही दोघं खिडक्या लावून आत. मी तिच्या शेजारी तिळाच्या वड्यांची ताटली घेऊन बसलो होतो. सहज म्हटलं, अगं, एवढा समुद्र आहे समोर आणि घराला तिकडे एक खिडकी नाही.

"समुद्राकडे पाठ करून राहायची सवय आहे मला," ती म्हणाली. "तीस वर्षांची."

रागानं म्हणाली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ती भोपळ्यांना पाणी घालत होती आणि तिनं मान वरही केली नाही. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, नवीन कार्ड कितीला येतं हो? स्वतःसाठी काही मागायची तिला सवय नव्हती. मला इतकं भरून आलं की मी म्हटलं, आठ दिवसांत आणतो.

आणि मग मी माझ्या पद्धतीनं कामाला लागलो.

उपचारांनी बचतीचा बराच फडशा पाडला होता, म्हणून आधी हात आखडून एक रक्कम ठरवली. मग बाजारात गेलो. कॉम्प्युटरच्या दुकानांतून पांढऱ्या केसांचं गिऱ्हाईक मी एकटाच. मुलं कार्डांची नावं पाठ म्हणून दाखवायची आणि मी खिशातून वही काढायचो. किती जीबी, किती वॉट, किती पंखे. आत चिप एकच, वरचं खोकं तीन कंपन्यांचं, आणि भाव तीन. एक म्हणाला आठ जीबीच्या खाली बघूच नका. दुसरा म्हणाला सहात भागतं. तिसरा म्हणाला, अंकलजी, थांबा, नवीन मालिका येतेय, ती आली की ही उतरतील. हा तिसरा मला फार आवडला. जन्मभर मी लोकांच्या गाड्यांच्या किमतीतून घसारा कापत आलो होतो. एकदा तरी तो घसारा माझ्या फायद्याचा ठरणार होता. आठ दिवसांचे तीन आठवडे झाले.

फेब्रुवारीत मुलीनं एक जाहिरात पाठवली. जगतपुऱ्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी आपलं कार्ड विकत होती. वर्षभर वापरलेलं, आठ जीबीचं, आणि माझ्या रकमेत नीट बसणारं. मी स्कूटर काढून गेलो. चार मुलींनी मिळून घेतलेला फ्लॅट होता. हिला हैदराबादला नोकरी लागली होती, कॉम्प्युटर न्यायचा नव्हता. तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि खेळ सुरू करून दाखवला. त्यात एक नदी होती. घोड्यावर बसून ती नदीकाठानं चालली होती, पाण्यात ढग दिसत होते, आणि वीस मिनिटांत चित्र एकदाही अडकलं नाही.

मी बिल मागितलं. बिल नव्हतं, कार्ड तिच्या भावानं घेतलेलं. बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही. हे कार्ड रात्रंदिवस बिटकॉइनला जुंपून कोणी पैसे कमावले होते का, असंही मी विचारलं. तसं करतात हे मला आदल्याच दिवशी कळलं होतं. तिनं न चिडता सांगितलं, "अंकलजी, बिल नहीं है, पर आप जितनी देर चाहें चलाकर देख लीजिए."

पण माझ्या डोक्यात सीतापुरा होतं. नोकरीत असताना तिथल्या एका कारखान्यात पाणी शिरलं होतं. भंगारात गेलेल्या भिजक्या विजेच्या मोटारी महिन्याभरात रंग लावून नव्या म्हणून दुसऱ्याच्या क्लेममध्ये आल्या आणि मी त्या पकडल्या होत्या. माझ्या नोकरीतली ती एक नाव घेण्यासारखी गोष्ट. तेव्हापासून दुसऱ्यानं वापरलेली, पुसून चकचकीत केलेली वस्तू दिसली की माझा हात आपोआप टॉर्चकडे जातो. त्या मुलीनं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. मी एकेक स्क्रू बघितला. एकाच्या डोक्यावर ओरखडा होता. म्हणजे कोणीतरी उघडलेलं होतं. विचार करून सांगतो म्हणालो. तिसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा तिनं ते विकलं होतं.

घरी येऊन मी बायकोला हे सगळं मोठ्या फुशारकीनं सांगितलं होतं. तो ओरखडा कसा दिसला, टॉर्च कसा तिरका धरायचा असतो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"चालत होतं का पण ते?"

"चालायला काय, चालत होतं."

"पाणी होतं त्यात?"

"नदी होती."

"बरं," ती म्हणाली, आणि परत स्क्रीनकडे वळली.

त्या 'बरं'चा अर्थ मला तेव्हा कळला नाही असं म्हणणं खोटं होईल. कळला होता. पण मी बरोबर होतो, आणि बरोबर असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या आवाजात काय आहे ते ऐकायची गरज वाटत नाही.

मार्चमध्ये तिच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. औषधांनी येतात, डॉक्टर म्हणाले, जातीलही. ती म्हणायची, कळ दाबली की नाही तेच कळत नाही. भोपळ्यांना दोनदा पाणी पडे किंवा पडतच नसे. तिनं खेळायचा वेळ कमी केला, आणि मी मनात म्हटलं, चला, आता तशी घाई नाही. हे मी खरोखर मनात म्हटलं. नवीन मालिका आली, पण जुनी कार्डं उतरली नाहीत. उलट थोडी चढली. एप्रिलच्या शेवटी मी ठरवलं, आता घ्यायचंच. आणि आधीच्या कोटेशनांची मुदत संपली होती म्हणून नव्यानं तीन घेतली.

दुकानदार म्हणाला, कॉम्प्युटरला वीज पुरवणारा आतला डबाही बदलावा लागेल, तुमचा लहान आहे. मला हसू आलं. गाडीचा बंपर फुटला की मेकॅनिक सोबत दिवाही लिहितो, हे मी हजारदा पाहिलं होतं. जे मोडलं नाही ते मी कधी मंजूर केलं नव्हतं. म्हटलं, फक्त कार्ड बसवा.

संध्याकाळी ती येऊन खुर्चीत बसली. केसांवर रुमाल, अंगावर उन्हाळ्यातही शाल. खेळातलं माणूस घराच्या दारातून बाहेर पडलं. तिनं दोन्ही हातांनी माउस धरून हळूहळू मागे वळवलं. एक निळी रेघ आली, ती मोठी झाली, आणि कॉम्प्युटर बंद पडला. खोलीत कूलरचा तेवढा आवाज राहिला.

"दिसला हो," ती म्हणाली. "निळा होता."

दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला आणि दवाखान्यात हलवावं लागलं. ती तिथे नऊ दिवस होती. त्यातल्या चौथ्या दिवशी मी कॉम्प्युटर स्कूटरवर घालून त्याच दुकानात नेला आणि सांगेल त्या भावात तो डबा बदलून घेतला. दुसऱ्या दुकानात विचारलं नाही. दुकानदार भला माणूस, मागचं काहीच बोलला नाही. मी पावतीसुद्धा तिथेच विसरून आलो.

मुलगी बंगळुरूहून आली होती. नवव्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाजूला बोलावून सांगितलं की आता उपचार थांबवू, घरी न्या, त्रास होणार नाही एवढं बघू. मुलगी रडली. मी विचारलं, तिला देवगडला नेता येईल का? विमानानं? डॉक्टर नाही म्हणाले.

घरी आल्यावर तिची बोटं कामातून गेली होती. चमचा धरता येत नव्हता, तर माउस कुठला. मुलीच्या खोलीतच आम्ही तिचा पलंग हलवला होता. दुसऱ्या दिवशी सूर्य कलल्यावर ती म्हणाली, तुम्ही चालवा. मी जन्मात कधी असा खेळ हातात धरला नव्हता. मुलगी म्हणाली, मी दाखवते आईला. ती म्हणाली, नको, यांनाच करू दे.

पहिला अर्धा तास मी घराच्या भिंतीला नाक लावून उभा होतो. वर बघायला गेलो की आभाळ, खाली बघायला गेलो की पाय. ती उशीला टेकून हसत होती. कसाबसा दाराबाहेर पडलो, घराला वळसा घातला आणि वाळूवर आलो. चित्र कुठे अडकलं नाही. समोर सगळा समुद्र होता. लाटा येत होत्या, फुटत होत्या, वाळू ओली करून मागे जात होत्या. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. ती बघत राहिली. मग म्हणाली,

"असो नसता तो."

मालवणीत म्हणाली. इतक्या वर्षांत ती माझ्याशी आईच्या बोलीत बोलली नव्हती. समुद्र असा नसतो. ती तक्रार करत नव्हती, मला नुसती माहिती देत होती. तिनं दिवाळीत समुद्र मागितला होता. तो मी पुढे ढकलला, म्हणून संक्रांतीला तिनं कार्ड मागितलं, मला परवडेल असं काहीतरी. आणि तेसुद्धा मी तिला या अवस्थेत आणून दिलं होतं. आयुष्यभर मी लोकांच्या मोठ्या नुकसानीपुढे लहान रकमा मंजूर केल्या, आणि सही करताना कधी अडखळलो नाही. मला तिची क्षमा मागायची होती. तिच्याकडे बघता येईना म्हणून मी माघारी फिरायला गेलो, भलतीच कळ दाबली गेली, आणि ते माणूस सरळ समुद्रात चालत गेलं.

गुडघाभर, कमरेएवढं, आणि मग डोक्यावरून पाणी. मी घाबरून सगळ्या कळा सोडून दिल्या. आवाज बदलला. वर कुठेतरी उजेड हलत होता, त्याच्या तिरप्या पट्ट्या खाली वाळूवर येत होत्या आणि वाळूवर त्यांच्या जाळ्या पसरत होत्या.

तिनं मान उशीवरून उचलली.

"असोच," ती म्हणाली. "आतून असोच दिसता."

मग तिनं सांगितलं. लहानपणी ती आणि तिची बहीण पाण्यात डोळे उघडे ठेवून बसायच्या, कोण जास्त वेळ बसतं ते बघायला. मीठ झोंबायचं, घरी गेल्यावर लाल डोळे बघून मार मिळायचा. हे तिनं मला आधी कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. ती बोलत होती तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यातलं एक छोटं वर्तुळ कमी कमी होत गेलं, ते त्या माणसाच्या श्वासाचं होतं हे मला माहीत नव्हतं. ते संपलं. सगळं काळं झालं आणि खेळानं आम्हाला परत त्या घरात आणून सोडलं, डोंगराकडे तोंड करून.

"परत जाऊ," ती म्हणाली.

मग रोज तेच. सूर्य कलला की मी तिच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढायचो, घराला वळसा घालायचो, वाळूवरून सरळ पाण्यात. खाली बसायचो. ती बघायची, कधी बोलायची, बरेचदा नाही. वर्तुळ संपलं की घर, आणि घरातून पुन्हा समुद्र. मी एकदा म्हटलं, वर कसं यायचं ते मुलीला विचारून घेतो, म्हणजे असं दर वेळी बुडायला नको. ती म्हणाली, "राहू दे. बसा तुम्ही." मी बसलो. शेवटचे दोन दिवस तिचे डोळे मिटलेले होते, पण पाण्याचा आवाज चालू ठेवा म्हणून तिनं बोटानं खूण केली होती.

अशा अकरा संध्याकाळी आम्हाला मिळाल्या. बाराव्या दिवशी पहाटे ती गेली.

जगतपुऱ्याचं कार्ड त्या दिवशी खिशात घालून आलो असतो आणि सोबत तो डबाही बदलून घेतला असता, तर फेब्रुवारीत तिची बोटं शाबूत होती. माझ्यावर अवलंबून राहायची तिला गरज नव्हती. स्वतःच्या हातानं ती पाण्यात गेली असती, आणि दोन दिवसांत तिथली सगळी खुबी तिला कळली असती. त्या स्क्रूवरच्या ओरखड्याचा मी फार विचार करतो. कदाचित त्या मुलीनं धूळ साफ करायला ते एकदा उघडलं असेल, एवढंच.

दिवस झाल्यावर मुलगी बंगळुरूला परत गेली. जायच्या आधी तिनं विचारलं, कॉम्प्युटर घेऊन जाऊ का, बाबा? मी नको म्हटलं. मधे एका संध्याकाळी मी तो लावला आणि पाण्यात जाऊन बसलो. वर्तुळ कमी व्हायला लागलं तेव्हा मला एकट्याला ते बघवेना, आणि मी हाताला येतील त्या कळा दाबत सुटलो. माणूस सरसर वर आलं आणि त्यानं मोठा श्वास घेतला. वर यायला स्पेसबार दाबायचा असतो. कीबोर्डवरची ती सगळ्यांत मोठी कळ आहे.